गार ठोकळा

वाक्य अर्ध्यावर आलं आणि कॉम्प्युटरने पुन्हा समाधी लावली. पडद्यावर धावणारी हिरवी रेघ जागच्या जागी थिजली, माउस हलेना, आणि हेडफोन लावून बसलेले कानसेन नुसत्याच कळा बडवत राहिले. आवाज घुमू नये म्हणून आतल्या कपड्यांच्या खोलीत बसवलेल्या बाई मात्र वाचतच होत्या. ऐकणारा केव्हाच आडवा झालाय हे त्या बिचारीला काय ठाऊक! "आणि म्हणून आम्ही खिडकी उघडी ठेवली," हे वाक्य त्यांनी पूर्णविरामासकट नीट संपवलं, घोटभर कोमट पाणी प्यायल्या आणि दार किलकिलं करून विचारलं, "झालं?"

"बंद पडलं," कानसेन म्हणाले.

"म्हणजे सगळं परत?"

"या भागातलं सगळं परत."

बाईंनी गळ्यावर हात ठेवला. ते पाहून कानसेनांना त्या मशीनला लाथ घालावीशी वाटली. पण जन्मभर नाजूक यंत्रांत वावरलेला माणूस. लाथसुद्धा त्यांनी मनातल्या मनातच घातली.

कानसेन हे नाव त्यांना स्टुडिओतल्या लोकांनी ठेवलेलं. तानसेन होता आलं नाही तर कानसेन तरी व्हावं म्हणतात. हे झाले, आणि जरा जास्तच झाले. शेजारच्या इमारतीत नळ गळला तरी ध्वनिमुद्रण थांबवायचे. वादक घामाघूम होवोत, गाणारी रडकुंडीला येवो, काचेपलीकडून यांचं "परत एकदा" काही सुटायचं नाही. बाई म्हणजे त्यांची बायको. बालवाडी चालवायच्या, म्हणून अख्खी वस्ती त्यांना बाई म्हणायची, आणि चारचौघांत कानसेनही तेच म्हणायचे. कौतुकाने म्हणा नाहीतर धाकाने म्हणा.

त्या बाईंच्या घशात गाठ निघाली होती. येत्या मंगळवारी त्यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं. जीव वाचणार होता, डॉक्टरांना तशी खात्री होती; आवाज मात्र जाणार होता, त्याचीही तेवढीच खात्री होती. इस्पितळातल्या वाचा शिकवणाऱ्या मुलीने त्यावर एक उपाय दिला होता. एक प्रोग्राम. त्यात आधी ठरावीक वाक्यं वाचून ठेवायची, त्यावरून कॉम्प्युटर तो आवाज शिकतो, आणि पुढे माणसाने टाइप केलं की त्याच्याच आवाजात बोलून दाखवतो. अट एकच: वाचन थेट त्याच्याच समोर व्हायला हवं. बाहेरून मुद्रित करून आणलेलं काही तो घ्यायचा नाही, आणि एक अख्खा भाग वाचून झाल्याशिवाय काही साठवायचा नाही. कानसेनांनी आपला जुना रेकॉर्डर काढून बघितला होता; प्रोग्रामने त्याला दारातूनच परत पाठवलं.

बाईंचा घसा दिवसाकाठी थोडंच बोलू शकत होता. मग आवाज फाटायचा, आणि फाटलेला आवाज प्रोग्रामला चालायचा नाही. म्हणजे मशीन एकदा बंद पडलं की बाईंच्या उरल्यासुरल्या आवाजातला तेवढा भाग वाया. आज शनिवार होता आणि निम्मंसुद्धा काम झालं नव्हतं.

कानसेनांनी विजेला दोष दिला, प्रोग्रामला दिला, हवेतल्या उकाड्याला दिला. फक्त स्वतःला दिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर काखेत कळसा नि गावाला वळसा, तशातली गत होती.

झालं होतं असं. हे मशीन त्यांच्या लेकीने, खारूने, त्यांच्यासाठी स्वतः बांधलं होतं. लहानपणी घरभरचे स्क्रू गोळा करून खिशात साठवायची म्हणून ती खारू. आता वास्तुविशारदांसाठी आणि चित्रपटांचं संकलन करणाऱ्यांसाठी मोठाले डेस्कटॉप जोडून देणं हाच तिचा धंदा होता. तिने वडिलांना दिलेलं मशीन दणकट होतं, पण कानसेनांच्या मते त्यात एक खोट होती. मदरबोर्डवर चिपसेट नावाची चिप असते. डिस्क, माइक, कीबोर्ड, सगळ्यांची ये-जा तिच्या दारातून. ती तापते म्हणून तिच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा एक दातेरी ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. या मशीनमध्ये त्या ठोकळ्यावर बोटभर पंखाही होता. तो पंखा डासासारखा गुणगुणायचा, आणि नेमका बाईंच्या 'स' आणि 'श'च्या पट्टीच्या आसपास.

दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. कानसेनांना त्याच्यामुळे झोप लागेना. बायकोचा आवाज आता जन्मात एकदाच मुद्रित व्हायचा, आणि त्यात डास? एका दुपारी त्यांनी कॅबिनेट उघडलं, पंखा काढून टाकला, आणि हात घातलाच आहे तर म्हणून ठोकळाही उचलला. ठोकळ्याचे दात कॅबिनेटमधल्या इतर कंपनांनी किंचित किणकिणत होते. मग त्यांनी जन्मभर माइकसाठी केलं तेच केलं. जुन्या रबराच्या दोन सुबक चकत्या कापल्या, ठोकळा बोर्डाला धरून ठेवणाऱ्या दोन्ही खिट्यांपाशी, ठोकळ्याच्या खाली सरकवल्या, आणि खिट्या परत दाबल्या. किणकिण बंद. चकत्या इतक्या झकास बसल्या होत्या की कुणाला तरी दाखवाव्यात असं त्यांना वाटलं होतं. लेकीला मात्र सांगितलं नाही. तिने बांधलेल्या मशीनमध्ये हात घातलेला तिला खपायचा नाही, हे ते जाणून होते.

"खारूला बोलावू या," बाई म्हणाल्या.

"ती कामात असेल. आणि मी बघितलंय गं सगळं. रोज बोट लावून बघतो. तो ठोकळा गार आहे, अगदी गार. तापायचा प्रश्नच नाही."

"मी तिला मघाशीच मेसेज केलाय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. उगाच माझा घसा खर्ची पडला असता."

कानसेनांनी हेडफोन काढून त्यांची वायर गुंडाळायला घेतली.

खारू आली ती पाठीवर अवजारांची पिशवी आणि डोळ्यांखाली जागरण घेऊन. आईच्या गालाला गाल लावला, "बोलू नकोस, हाताची घडी तोंडावर बोट," असं बालवाडीच्या सुरात आईलाच दटावलं, आणि फतकल मारून मशीनसमोर बसली. कॅबिनेटची बाजू उघडून तिने चिपसेटवरच्या ठोकळ्यावर बोट ठेवलं.

"बघ," कानसेन विजयी सुरात म्हणाले, "गार आहे की नाही?"

"गार आहे," खारू म्हणाली. मग तिने मशीनवर तापमान बघायचा एक लहानसा प्रोग्राम चालवला. आकडा बघून तिच्या भुवया वर गेल्या. "बाबा, खाली चिप भाजतेय. आणि वर हा गारच्या गार. चिप एवढी तापल्यावर हा गार कसा राहील?"

"चांगला आहे म्हणून."

"चांगला असता तर चटका बसला असता! खालची धग वर पोचतच नाहीये. आणि इथला पंखा कुठंय?"

चोराच्या मनात चांदणं. कानसेन चष्मा पुसू लागले. "आवाज करत होता," ते म्हणाले.

खारूने मशीन बंद करून बोर्ड टेबलावर काढला, उलटा करून खिट्यांची टोकं चिमटीत दाबली, ठोकळा सोडवला. चकत्या टुणकन टेबलावर पडल्या. तिने त्यातली एक उचलून उजेडात धरली. गोल, कडा गुळगुळीत, मधलं भोक बरोब्बर मधोमध. अशी चकती कापणारा हात या घरात एकच होता.

"बाबा, हे काय आहे?"

"कंपनं जाऊ नयेत म्हणून. माइक आपण रबरावर झुलता ठेवतो ना, तसं."

खारूने तोंडावर हात दाबला. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाही कळत नसावं. "अहो बाबा, माइकला कशाचा स्पर्श होता कामा नये. पण याला स्पर्शच पाहिजे. तुम्ही याला केसभर वर उचलून ठेवलंत. मधे नुसती हवा. त्याने धग घ्यायची तरी कशी?"

कानसेन ठोकळ्याच्या तळाकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. एकदा नाही, मशीन बंद पडलं त्या प्रत्येक वेळी. बाईंनी वाचलेलं, खाकरून, पाणी पिऊन, पुन्हा पुन्हा वाचलेलं सगळं या दोन चकत्यांनी गिळलं होतं. त्यांच्या चकत्यांनी. ते खुर्चीत बसले.

"मी तिचा आवाज खर्च केला गं," ते हळूच म्हणाले. "होता तेवढाच. तो मीच खर्च केला."

"बाबा."

"मला स्वच्छ हवा होता. एकदाच मिळणार, तर स्वच्छ असावा. एवढंच."

खारूने चकती टेबलावर ठेवली आणि वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "स्वच्छ म्हणजे कसा? मी तर आईचा आवाज जन्मात स्वच्छ ऐकलेला नाही. कधी मागे नळ चालू, कधी भांडी आपटतायत, कधी तुमचा रेडिओ. ऐकला तो सगळा असाच ऐकला. माझं काही अडलं नाही."

दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कानसेनांनी मान वर केली तेव्हा त्या रागावतील असं त्यांना वाटलं, किंबहुना रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई आल्या, टेबलावरची चकती उचलली, बोटांत फिरवून बघितली.

"छान कापलीत," त्या म्हणाल्या. "आता हिला ठेवा बाजूला आणि कामाला लागा. उद्याचा दिवस आहे अजून, परवा इस्पितळात जायचंय."

मग बाप-लेक कामाला लागले. ठोकळ्याच्या तळाला चिकटलेली सुकी खपली खारूने स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढली. चिप आरशासारखी लख्ख केली. तिच्यावर धग वाहून नेणाऱ्या करड्या लेपाचा मुगाएवढा ठिपका ठेवला. "पण लेप म्हणजे सगळं नव्हे," ती म्हणाली. "खरं काम दाबाचं. कमी पडला तर हवा राहते. आणि एक बाजू आधी दाबली तर ठोकळा तिरपा होऊन चिपचा कोपरा उडतो. दोन्ही खिट्या एकदम गेल्या पाहिजेत. मी एरवी एकटीच दाबते. आज तुम्ही ती धरा."

"मी परत काही बिघडवलं तर?"

"नाही बिघडत. मी सांगते तेव्हा दाबा. जोर लावू नका, नुसतं खाली न्या. बाकीचं खिटीतली स्प्रिंग बघते."

दोघांनी एकेका खिटीवर अंगठा ठेवला. कानसेनांनी श्वास रोखला, जणू मुद्रणाचा लाल दिवा लागलाय. खारू म्हणाली, "आता." दोन्ही खिट्या एकदमच खट्ट करून बसल्या. खारू बापाकडे बघून हसली, आणि कितीतरी दिवसांनी कानसेनही हसले.

तिने डासपंखा काही परत लावला नाही. पिशवीतून बशीएवढा एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा काढला आणि कॅबिनेटमध्ये असा बसवला की त्याचा वारा ठोकळ्यावरून जाईल. मशीन चालू केलं. कानसेनांनी डोळे मिटले, कान टवकारले. एक खोल, मंद घुमारा होता. होता, यात शंका नाही. खारू आणि बाई निकालाची वाट बघत उभ्या राहिल्या.

"हिच्या आवाजाच्या बराच खाली आहे," शेवटी ते म्हणाले. "राहू दे."

बाईंनी लेकीकडे बघून भुवई उडवली. लग्न झाल्यापासून नवऱ्याने कुठल्या आवाजाला 'राहू दे' म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं.

रविवारी सकाळी बाई वाचायला बसल्या. "दार उघडंच राहू दे हो," त्या म्हणाल्या. "त्या कपड्यांत मी गुदमरते." एरवी कानसेनांनी दाराच्या फटीलासुद्धा कापड लावलं असतं, आज त्यांनी मुकाट्याने दार उघडं टाकलं. बाई थोडं वाचायच्या, थांबायच्या, कोमट पाणी प्यायच्या, पुन्हा वाचायच्या. एक भाग संपला, साठवला गेला. दुसरा गेला. कानसेन अधूनमधून हात घालून ठोकळ्याला बोट लावत होते. तो छान कोमट लागत होता, आणि प्रत्येक वेळी त्यांना हायसं वाटत होतं. दुपार कलायच्या आत शेवटचं वाक्य पुरं झालं, आणि खारूने आईला मिठी मारून एक गिरकी घेतली.

मग मशीन आवाज शिकायला बसलं. पंख्याचा घुमारा वाढला, ठोकळा चांगलाच तापला, पण मशीन डगमगलं नाही. उन्हं खिडकीतून निघून गेल्यावर पडद्यावर लिहून आलं: काहीही टाइप करून बघा.

"तू कर," खारू आईला म्हणाली.

बाईंनी एका बोटाने, बालवाडीच्या फळ्यावर काढावं तसं एकेक अक्षर जपून टाइप केलं. *अहो, चहा ठेवलाय.* आणि कळ दाबली.

खोलीत बाईंचा आवाज आला. त्यांचाच, किंचित जाडसर, शेवटी जरा वर जाणारा. खारूने चटकन डोळ्यांना ओढणी लावली. बाई स्वतःच थक्क होऊन ऐकत राहिल्या. 'चहा' त्यांचाच होता, 'ठेवलाय'ही त्यांचाच.

कानसेनांचा चेहरा मात्र उतरला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"ते 'अहो' तुझं नाही."

"आता माझं नाही तर कुणाचं?"

"खिडकीवरच्या कारकुनाला हाक मारावी तसं आहे ते. 'अहो, पावती द्या.' तू मला तशी हाक मारत नाहीस." ते हेडफोन चाचपत राहिले. "एवढी वाक्यं वाचलीस, त्यात एकदाही 'अहो' नव्हतं. बाजार होता, खिडक्या होत्या, हिरवी छत्री होती. मी नव्हतो."

प्रोग्राममध्ये स्वतःचे चार शब्द जसेच्या तसे साठवायला एक जागा होती. ते शब्द मशीन स्वतः बनवत नाही. माणूस बोलला तेच वाजवतं. कानसेनांनी ती उघडली, पण विचारायचा त्यांना धीर होईना. बाई दमल्या होत्या हे दिसतच होतं.

"आई, आता पुरे हं," खारू म्हणाली.

"गप गं," बाई म्हणाल्या, आणि जाऊन माइकसमोर बसल्या. "लावा ते कानाला. कुठलं हवंय?"

"सगळी," कानसेन म्हणाले.

बाईंनी क्षणभर विचार केला. "अहो!" हे ओला टॉवेल पलंगावर टाकल्याचं. खारू फिस्सकन हसली. "अहो..." हे चहा झाल्याचं, शेवटी लांबवलेलं. "अहो." हे पाहुण्यांसमोरचं, दबक्या आवाजातलं, म्हणजे आता बोलणं आवरा. एक चष्मा सापडत नसल्याचं. एक उगाचच, म्हणजे काम काही नाही, फक्त घरात आहात ना ते बघायला. प्रत्येक वेळी पडद्यावर हिरवी खूण उमटत होती, आणि कानसेन हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसले होते. ही सगळी वेगवेगळी आहेत हे त्यांच्या तयार कानांनाही आजवर कळलं नव्हतं. एवढी वर्षं ते फक्त हाकेला उठून जात होते.

मग बाई थांबल्या. पाणी प्यायल्या. आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो."

हे कानसेनांनी एकदाच ऐकलं होतं. इस्पितळाच्या त्या लांबलचक व्हरांड्यात, डॉक्टर सांगून निघून गेल्यावर, बाकावर बसलेल्या बाई असंच म्हणाल्या होत्या. पुढे काहीच बोलल्या नव्हत्या. आणि कानसेन, पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून, उठून लांब निघून गेले होते. परत आल्यावरही त्यांनी त्या हाकेला ओ दिली नव्हती. दोघंही तो विषय टाळत राहिले; कानसेन 'माइकच्या थोडं जवळ ये' नि 'परत एकदा' म्हणत राहिले, आणि बाई वाचत राहिल्या.

"काय गं?" कानसेन म्हणाले. "मी आहे. मी इथेच आहे. भीती मलाही वाटतेय."

उघड्या दारातून बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे वाहत होते, आणि त्या हसत होत्या.

पडद्यावर लाल पट्टी आली. *मुद्रणात दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला. पुन्हा मुद्रित करायचे?*

खारूने वडिलांकडे बघितलं. कानसेनांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, माउस हातात घेतला आणि 'नाही' दाबलं.